माहेर, मठ आणि मनःशांती

आमच्या कुंडल परिसरात माणसे अंगाचे दुखणे मोकळेपणाने सांगतात, मनाचे सांगत नाहीत. गुडघा धरला, पाठ भरली, पित्त खवळले, हे पारावर बसून चारचौघांत बोलता येते. मन ठिकाणावर नाही, हे मात्र देवापुढे हात जोडताना मनातल्या मनात म्हणायचे. कुस्तीच्या मैदानासाठी, तुफान सेनेसाठी आणि उसासाठी नावाजलेल्या गावात मनाच्या दुबळेपणाची कबुली कोण देणार? तरीही गेल्या काही वर्षांत ‘योगशिबिर’ हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचला आहे. कोणी लोणावळ्याला जाऊन येतो, कोणी इगतपुरीला, कोणी आळत्याला. परत आल्यावर ‘मन हलके झाले’ असे सांगतो. हे हलकेपण खरे किती, ते येते कशातून, आणि कोणाच्या वाट्याला येते, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे. मी तत्त्वज्ञानाचा अध्यापक आहे, वैद्य नाही. तेव्हा वैद्यकाच्या प्रांतात जेवढे शिरणे भाग आहे तेवढेच शिरेन.

मनःशांतीसाठी घर सोडून काही दिवस अन्यत्र राहावे, ही कल्पना नवी नाही. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत योग्याच्या झोपडीचे वर्णन आहे, ते एखाद्या गवंड्याने लिहून घ्यावे इतके नेमके आहे. दार लहान असावे, भिंतीला भोके वा खिडक्या नसाव्यात, जागा फार उंच नको, फार खोलगट नको, जमीन शेणाने दाट सारवलेली असावी, किडामुंगी नसावी, बाहेर मंडप व विहीर असावी आणि भोवती कुंपण असावे. त्याआधीची अट मात्र मला अधिक महत्त्वाची वाटते. हा मठ जेथे बांधायचा त्या प्रदेशात राज्य चांगले असावे, धान्य मुबलक असावे आणि उपद्रव नसावा. म्हणजे पोटाची व जिवाची चिंता असताना मन एकाग्र होत नाही, हे हठयोग्यांनाही ठाऊक होते.

ज्ञानेश्वर महाराजांनी सहाव्या अध्यायात योगाभ्यासाच्या जागेचे जे वर्णन केले आहे, ते वर्गात शिकवताना मला नेहमी आनंद होतो. तेथे पावलोपावली पाणी आहे, ऊन आहे पण शीतळ, वारा आहे पण मंद. नास्तिक मनुष्य सहज तेथून गेला तरी त्याला तप करावेसे वाटेल, विलासी राजालाही राज्य टाकून तेथेच राहावेसे वाटेल. स्थळ निःशब्द हवे, श्वापदांची गर्दी नको, असे सांगून झाल्यावर ज्ञानदेवांचे मन द्रवते. पाण्याच्या आशेने दोन-चार सारस आले, एखादे वेळी कोकिळा बसली, अधूनमधून मोर आले-गेले, तर आम्ही नको म्हणणार नाही, असे ते म्हणतात! एकांत म्हणजे जगाचा द्वेष नव्हे, हे इतक्या सहजपणे दुसऱ्या कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

कुंडलच्या डोंगरावर ज्याने झरी पार्श्वनाथाचे स्थान पाहिले आहे, त्याला हे वर्णन अपरिचित वाटणार नाही. गावातले कलिकुंड पार्श्वनाथाचे मंदिर, डोंगरातील झरी पार्श्वनाथ आणि माथ्यावरील गिरी पार्श्वनाथ यांमुळे कुंडल हे जैनांचे जुने क्षेत्र आहे. वर चढून गेल्यावर गुहेतला गारवा अंगाला लागतो आणि ठिबकणाऱ्या पाण्याखेरीज आवाज नसतो. जैन परंपरेतील ‘सामायिक’ या व्रताचा काळ एक मुहूर्त, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचा आहे. तेवढा वेळ गृहस्थाने सर्व व्यवहार बाजूला ठेवून समभावात बसावयाचे. संसारी माणसाला दररोज परवडेल असा हा लहानसा मठच नव्हे काय?

आता आधुनिक शिबिराकडे वळू. महाराष्ट्रात योगाला गुहेतून बाहेर काढून प्रयोगशाळेत नेण्याचे श्रेय स्वामी कुवलयानंदांना दिले पाहिजे. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्यास राजरत्न माणिकरावांकडे ते व्यायाम शिकले, नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींकडे योग शिकले, आणि काही काळ अंमळनेरला शिक्षणकार्य केले. उड्डियान व नौली या क्रियांच्या वेळी पोटात नेमके काय घडते, हे क्ष-किरणांच्या व दाबमापकाच्या साहाय्याने त्यांनी तपासले. १९२४ साली लोणावळ्यास त्यांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. त्याआधी १९१८ साली मुंबईत योगेंद्रजींनी गृहस्थाश्रमी लोकांसाठी योगाची संस्था काढली होती. या दोघांनी केलेली मोठी गोष्ट अशी की, योग शिकण्यासाठी संन्यास घेण्याची गरज उरली नाही. चार दिवस जा, शिका, घरी परत या. शिबिराची कल्पना येथूनच रुजली.

तिसरा प्रवाह निराळा आहे. सत्यनारायण गोएंका हे ब्रह्मदेशात जन्मलेले व्यापारी. अर्धशिशीच्या असह्य दुखण्याने त्रस्त होऊन १९५५ साली ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले. हे गुरू सरकारी हिशेब खात्यातील वरिष्ठ अधिकारी होते, ही गोष्ट मला फार आवडते. गोएंका १९६९ साली भारतात आले, आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर नियमित शिबिरे होऊ लागली. विपश्यनेला योग म्हणणे तिच्या आचार्यांना मान्य होणार नाही. शिबिराच्या काळात आसने-प्राणायामही बंद ठेवण्याचा तेथे नियम आहे. प्राणायामात श्वासाला वळण लावायचे असते, तर येथे तो जसा आहे तसा केवळ पाहायचा असतो. तथापि दुःखी माणसाच्या दृष्टीने दोन्हींत एक साम्य आहे. दोन्हीकडे मनाला हात घालण्याची वाट श्वासावरून जाते.

श्वासच का? येथे पतंजलींचे एक सूक्ष्म निरीक्षण सांगितले पाहिजे. चित्त विखुरण्याची कारणे सांगून झाल्यावर, विखुरलेल्या चित्ताच्या सोबतीला काय काय येते तेही ते सांगतात. दुःख, दौर्मनस्य म्हणजे खिन्नता, अंगाचा कंप, आणि श्वास-उच्छ्वासाची विस्कळीत चाल. पहिल्या दोन गोष्टी मनाच्या, पुढच्या दोन शरीराच्या. परंतु ओळ एकच. या चौघांत आपल्या इच्छेला थोडीफार जुमानणारा एकटा श्वास आहे. ‘दुःखी होऊ नकोस’ या आज्ञेने दुःख थांबत नाही, ‘थरथरू नकोस’ म्हटल्याने हात अधिकच थरथरतात, पण ‘सावकाश श्वास सोड’ एवढे मात्र माणसाला करता येते. आजचे शरीरशास्त्र याला दुजोरा देते. उच्छ्वास लांबवला की व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत हृदयाची गती किंचित मंदावते आणि संकटाच्या वेळी ताठर होणारी शरीराची यंत्रणा सैल पडू लागते. हे काही मिनिटांत घडते, पण टिकत नाही. ते अंगवळणी पडावे म्हणून दिवसच्या दिवस द्यावे लागतात, आणि घरी तेवढे दिवस मिळत नाहीत. शिबिराचे पहिले काम एवढेच आहे.

दुसरे काम मला पुस्तकांतून कळले नाही, माझ्या थोरल्या बहिणीमुळे कळले. तिला आम्ही आक्का म्हणतो. २०२१ च्या मे महिन्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचे यजमान गेले. त्या दिवसांत किती घरांत काय झाले, हे सांगली-साताऱ्याच्या वाचकांना सांगायला नको. रुग्णालयाच्या दारातून आत गेलेला माणूस परत दिसला नाही. तोंड पाहता आले नाही, तिसऱ्याला भावकी जमली नाही, गळ्यात पडून रडायला बायका आल्या नाहीत. मरणाचे दुःख आपल्या समाजाने दहाव्या-तेराव्याच्या रीतींत बांधून ठेवले आहे. त्या रीती पाळता आल्या नाहीत, म्हणून ते दुःख सुटेच राहिले. आक्काची झोप गेली. भाकरी थापताना हात कापू लागले. श्वास छातीच्या वरच अडकायचा. पतंजलींची ती चारही लक्षणे मी माझ्या बहिणीत पाहत होतो.

डॉक्टरांची औषधे सुरू झाली, त्यांनी झोप आली. दोन वर्षांनी डॉक्टरांच्याच संमतीने, औषधांची माहिती अर्जात स्पष्ट लिहून, ती हातकणंगले तालुक्यातील आळते येथील धम्मालय या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिराला गेली. पण जाण्यापूर्वी खरी अडचण निराळीच होती. घरी दोन म्हशी. त्यांची धार कोण काढणार? म्हाताऱ्या सासूचे पथ्य कोण सांभाळणार? दहा दिवस घराबाहेर राहायचे, ना लग्नासाठी, ना बाळंतपणासाठी, तर नुसते गप्प बसण्यासाठी! शेजारणींना तर याचे हसूच आले. शेवटी तिची धाकटी जाऊ पुढे झाली आणि म्हशींचा भार तिने उचलला. पद्मासनापेक्षा हे आसन अवघड होते, असे मी म्हणेन.

शिबिराचा दिनक्रम आता बहुतेकांना ऐकून ठाऊक असतो. पहाटे चार वाजता घंटा, दिवसभरात सुमारे दहा तास बैठक, अकराला जेवण, पाच वाजता नवीन साधकांना चहा-फळे, रात्री ध्वनिमुद्रित प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. फोन जमा करावा लागतो. स्त्री-पुरुषांची व्यवस्था वेगळी. दहाव्या दिवसापर्यंत मौन, काही अडले तर सहायक आचार्यांना ठराविक वेळी विचारता येते. शुल्क नाही. शिबिर पूर्ण केलेल्यांनी दिलेल्या दानावर ते चालते. पहिले तीन दिवस आक्काला डोळे मिटले की म्हशीच दिसत होत्या. चौथ्या-पाचव्या दिवशी रुग्णालयाचे ते दार दिसू लागले, आणि ती रडली. दोन वर्षांत ती रडली नव्हती असे नाही. परंतु घरी ती रडू लागली की कोणीतरी लगेच पाठीवर हात ठेवून म्हणायचे, “आता पोरांकडं बघ.” येथे तिला कोणीच थांबवले नाही. कोणी पाणी आणले नाही, कोणी समजूत घातली नाही. रडणे आपोआप आले आणि आपोआप ओसरले. परतल्यावर तिने मला जे सांगितले ते तिच्याच शब्दांत देतो: “दुःख हाय तितंच हाय. पर ते आलं की आता मला कळतंय, आलंय म्हणून. आधी ते यिऊन बसायचं आन् मला वाटायचं, मीच ते.”

द्रष्टा आणि दृश्य यांतील भेद मी वर्गात तासभर फळ्यावर लिहून शिकवतो. तो सातवी शिकलेल्या बाईने मला तीन वाक्यांत सांगितला. यावर अधिक भाष्य करीत नाही.

मात्र यातून एक विचार सुचला, तो मांडतो. आपल्या समाजात स्त्रीसाठी असे शिबिर पूर्वीपासून होते, त्याचे नाव माहेर. पंचमीला वा दिवाळीला लेक माहेरी यायची, तेव्हा तिला कोणी काम सांगत नसे. आई पानावर वाढायची, ती उशिरा उठली तरी चालायचे. रडायचे असेल तर ओसरीच्या कोपऱ्यात रडता यायचे. आठ-पंधरा दिवसांनी ती परत सासरी जायची, दुःखे तीच असत, पण ती सोसणारे मन थोडे विसावलेले असे. आपल्या संतांनी पंढरीला माहेर म्हटले ते उगाच नव्हे. वारीत चालणाऱ्या बायकांना विचारा, पाय दुखतात पण डोके दुखत नाही असे त्या सांगतील. माहेर आणि शिबिर यांतला समान धागा असा की, तेथे तुमच्याकडून कोणी काही मागत नाही. दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या उपयोगी पडत राहणे हा ज्यांचा जन्मभराचा धर्म, त्यांच्या मनाला निरुपयोगी राहण्याचे चार दिवस हेच औषध असते. फरकही आहे. माहेरी दुःख बोलून हलके होते, शिबिरात न बोलता. ज्याला ऐकणारे कोणीच मिळालेले नाही, त्याला आधी माहेर हवे आणि मग मौन, असे माझे मत आहे. पण आई-वडील गेल्यावर, भावजयीच्या राज्यात, माहेर किती उरते? आक्काचा भाऊ या नात्याने हा प्रश्न मला टोचतो.

आता थोडी सावधगिरी. शिबिराने सारे आजार बरे होतात असे सांगणारे लोक आहेत, त्यांच्यापासून दूर राहावे. योग व ध्यान यांमुळे चिंता व सौम्य खिन्नता कमी होण्यास मदत होते असे दाखवणारे संशोधन पुष्कळ आहे. परंतु शिबिरांविषयीचे बरेचसे अभ्यास लहान आहेत, आणि सहा महिन्यांनी, वर्षाने काय उरले याची चौकशी त्यांतल्या थोड्यांनीच केली आहे. शिबिर संपल्याच्या दिवशी मन प्रसन्न असणे यात नवल ते काय? यात्रेहून परतणाराही प्रसन्नच असतो. शिवाय दीर्घ मौन-ध्यानात काही जणांची अस्वस्थता वाढते, क्वचित कोणाचे मन फारच ढासळते, हेही नोंदवले गेले आहे. गंभीर मनोविकार असलेल्यांनी येऊ नये, असे विपश्यना केंद्रे स्वतःच सांगतात. ज्याला जगणे नकोसे झाले आहे, कानांत आवाज ऐकू येत आहेत, दिवसेंदिवस अन्न जात नाही, त्याला शिबिरात नव्हे, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. मिरज-सांगलीच्या सरकारी रुग्णालयांत तशी सोय आहे. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा विनामूल्य क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, त्यावर मराठीतूनही बोलता येते. परीक्षेच्या दिवसांत खोलीचे दार लावून बसणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. समुद्रकाठच्या आलिशान योगनिवासांविषयी मी काही लिहीत नाही. तेथे जाऊ शकणाऱ्यांना माझ्या सल्ल्याची जरूर नाही.

मग शिबिरातून घरी आलेल्याने काय करावे? येथे आपल्याच मातीतले एक उदाहरण आठवते. कुंडल पूर्वी औंध संस्थानात होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांनी संस्थानातील शाळांत नमस्कार सक्तीचे केले. १९४८ साली संस्थान विलीन झाले, परंतु त्या शाळांत शिकलेल्या पिढीचे अंग ती सवय विसरले नाही. माझे वडील ऐंशी वर्षांचे झाले तरी पहाटे अंगणात बारा नमस्कार घालीत आणि मगच चहा घेत. मनःशांती हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. सक्तीबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. सक्तीने शिकलेली किती मुले पुढे नमस्कार विसरली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. तरी पंतप्रतिनिधींना एक गोष्ट बरोबर दिसली होती. त्यांनी प्रजेला कोठे जायला सांगितले नाही. जेथे आहात तेथे, रोज, ठराविक वेळी, थोडेसे, असा त्यांचा मार्ग होता. लोणावळ्याला किंवा आळत्याला जे शिकायचे ते शेवटी याच मार्गाने टिकते.

आक्का आता पहाटे धारेच्या आधी अर्धा तास बसते. शिबिरात सकाळ-संध्याकाळ एकेक तास सांगितला होता, तो काही तिला साधत नाही. ऊसतोडीच्या दिवसांत अर्धा तासही बुडतो. औषध डॉक्टरांनी हळूहळू कमी करीत आणले, पूर्ण बंद केलेले नाही. मे महिना जवळ आला की तिची झोप अजून चाळवते. त्या दिवसांत ती डोंगरावर झरीला जाते, तासभर बसते आणि येताना वाटेत माझ्या घरी चहा घेते. आम्ही फारसे बोलत नाही. माझी पत्नी तिला त्या दिवशी ताट उचलू देत नाही.

परवा संक्रांतीला तिच्या घरी गेलो होतो. तिची धाकटी जाऊ चुलीपाशी भाकरी करीत होती. तिच्याही मागे काय काय आहे ते आम्हा सर्वांना माहीत आहे, पण त्याविषयी कोणी कधी बोलत नाही. भाकरी उलटताना ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, “भावजी, त्या आळत्याचा अर्ज मलाबी आणून द्या की.” आणि मग आक्काकडे वळून, “आक्का, या बारीला म्हशींचं तुमी बघायचं.”